गंगेचा दुसरा प्रश्न

भागवताच्या नवव्या स्कंधात भगीरथाची कथा येते. पृथ्वीवर उतरायला सांगितल्यावर गंगा त्याच्यापुढे दोन अडचणी ठेवते. पहिली वेगाची. मला झेलणारा कोणी नसेल तर मी भूतल फोडून थेट रसातळाला जाईन, मग मला धरणार कोण? या प्रश्नाचे उत्तर घराघरांतल्या चित्रांत आहे: शंकराची जटा आणि तिच्यातून निघालेली धार. दुसरी अडचण मात्र कोणत्याच चित्रात दिसत नाही. लोक आपली पापे माझ्यात आणून धुतील, ती मी कुठे नेऊन धुवायची, असे गंगा विचारते आणि राजाला बजावते की याचा विचार तूच कर. भगीरथ गडबडत नाही. ज्यांच्या हृदयात हरी आहे असे साधुपुरुष तुझ्यात स्नान करतील आणि त्यांच्या अंगस्पर्शाने तुझ्यावरचा भार उतरेल, असे तो सांगतो. हे उत्तर पटो न पटो, प्रश्न मात्र टाळण्याजोगा नव्हता हे कथाकाराला कळले होते. मळ धुतला म्हणजे तो एका जागेवरून निघाला, एवढेच ठरते. तो पुढे कुठे पोचला हे विचारल्याशिवाय शुद्धीचा हिशेब पुरा होत नाही. आजच्या धार्मिक माणसाने आणि कारखानदाराने दोघांनीही हाच दुसरा प्रश्न सोडून दिला आहे. त्याकडे पुन्हा वळायची वाट शेतातल्या टाकाऊ म्हणवणाऱ्या वस्तूंतून जाते, असे मला वाटते.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावात गोदावरीला गंगाच म्हणतात. ती तालुक्याच्या दक्षिण अंगाने वाहते आणि तिच्या काठच्या पट्ट्याला गंगथडी म्हणतात. या गावाच्या शिवारातला ऊस, कापूस, सोयाबीन आणि मोसंबी हा भोवतालच्या गावांसारखाच आहे. पण हे शिवार एका लांब साखळीचा खालचा दुवा आहे, हे नकाशा पाहिल्यावर कळते. छत्रपती संभाजीनगरातून वाहणारी खाम नदी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. गोदावरीचे पाणी पैठणला नाथसागरात साठते. तिथून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा अंबड-घनसावंगीच्या बाजूने पुढे परभणीकडे जातो. वर, संभाजीनगरजवळच्या वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनतात. अशा भागांना गंज लागू नये म्हणून त्यांच्यावर जस्त, निकेल, क्रोम यांचा मुलामा चढवतात आणि प्रत्येक मुलाम्यानंतर तो भाग पाण्याने धुतात. कोणता कारखाना काय सोडतो हा या लेखाचा विषय नाही. धातूचे काम जिथे पाण्याने चालते तिथे धातूचा अंश पाण्यात उतरतोच, आणि पाणी उताराकडे जाते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. वरच्या गावाचे धुणे हे खालच्या गावाचे पिणे असते.

इथे श्रद्धेच्या बाजूने पहिला आक्षेप येतो. वाहत्या पाण्याला दोष लागत नाही, गंगा स्वतःच स्वतःला शुद्ध करते, तिला शुद्ध करणारे तुम्ही कोण? या आक्षेपाला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणे मला पटत नाही, कारण त्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे. नदीत पडलेली फुले, अन्न, शेण, माणसाचा आणि जनावरांचा मळ हे सगळे कुजणारे पदार्थ. पाण्यातले सूक्ष्मजीव प्राणवायूच्या मदतीने ते फोडतात आणि काही अंतर गेल्यावर पाणी पुन्हा बऱ्यापैकी निवळते. ज्या काळात मळ म्हणजे कुजणाराच मळ होता, त्या काळात हा नियम अनुभवाने खरा होता. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम मात्र कुजत नाहीत. ही मूलद्रव्ये आहेत. त्यांना तोडून आणखी साधे काही उरत नाही. सूक्ष्मजीव त्यांचे रूप बदलू शकतो, त्यांना संपवू शकत नाही. ती गाळात बसतात, गाळातून शेवाळात, शेवाळातून माशात आणि भिजवणीच्या पाण्यातून मातीत चढतात. भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आणि शिशाची ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. इतकी बारीक मर्यादा ठेवण्याचे कारण हेच की शरीरही या धातूंना सहज बाहेर टाकू शकत नाही. नदीवरची श्रद्धा खोटी ठरली असे यातून निघत नाही. ज्या मळासाठी तो नियम होता, तो मळ बदलला आहे. कुंभार पिंपळगावजवळच्या जांबेत १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या सोळाव्या दशकात पाण्यावर एक अख्खा समास लिहिला आहे. पाणी ज्याच्यात मिसळेल त्याची चव घेते, उसात गोड होते, तारते आणि मारतेही, हे त्यांनी स्वच्छ पाहिले होते. पाण्याला नकार देता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने नकार देणे हे काम माणसाकडे येते.

हा नकार देण्याचे एक साधन म्हणून आता मोसंबीच्या सालीकडे येऊ. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि रस काढल्यावर तिची साल उरते. ती धुऊन, वाळवून, दळली की फिकट पिवळसर भुकटी होते. या भुकटीत पेक्टिन आणि सेल्युलोज असते आणि पेक्टिनच्या लांब साखळीवर आम्लधर्मी टोके असतात. पाणी फार आंबट नसेल तर या टोकांवरचा हायड्रोजन सुटतो आणि तिथे ऋण भार उरतो. पाण्यातले निकेल किंवा शिसे धन भाराचे असते, ते या जागी येऊन बसते. बदल्यात साल आपल्याजवळचे कॅल्शियम किंवा हायड्रोजन पाण्यात सोडते. ही सगळी देवघेव आहे. पाणी फार आंबट असेल तर हायड्रोजनचीच गर्दी होते आणि धातूला जागा मिळत नाही. षट्संयुजी क्रोमियमचे मात्र उलटे आहे. ते पाण्यात ऋण भाराने वावरते, म्हणून आंबट पाण्यातच सालीला धरते आणि तिथे सालीतली द्रव्ये त्याला कमी विषारी त्रिसंयुजी रूपात आणतात. उसाचे चिपाड, शेंगांची टरफले, भाताचा तूस, पऱ्हाट्या यांचा गुण कमीअधिक असाच आहे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मोहम्मद अजमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संत्र्याच्या सालीने मुलाम्याच्या सांडपाण्यातले निकेल काढले, ते पातळ आम्लाने धुऊन परतही मिळवले आणि तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून अशा अभ्यासांची रीघ लागली आहे.

या रसायनात मला जी गोष्ट तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वात मोलाची वाटते ती म्हणजे मर्यादा. सालीच्या कणावर धातूला बसायला मोजक्या जागा असतात. त्या भरल्या की साल एक कणही जास्त घेत नाही. पाणी जसे आत जाते तसेच बाहेर येते. अर्विंग लँगम्युअर या शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये हे गणितात मांडले आणि आजही सालीची ताकद त्याच सूत्राने मोजतात. समजा एका लहान मुलामा कारखान्यातून दिवसाला १०,००० लिटर पाणी निघते, त्यात लिटरला २० मिलिग्रॅम निकेल आहे आणि एक ग्रॅम साल व्यवहारात २० मिलिग्रॅम निकेल धरते. म्हणजे रोज २०० ग्रॅम निकेल आणि ते धरायला रोज १० किलो साल. वर्षाचे ३०० दिवस काम चालले तर ३ टन साल आणि तिच्या पोटात ६० किलो निकेल. पाणी स्वच्छ झाले हे खरे. त्याच वेळी कारखान्याच्या कोपऱ्यात ३ टन विषारी ढीग उभा राहिला, हेही तितकेच खरे. शुद्धी म्हणजे मळाचा नाश नव्हे, मळाची जागा बदलणे आणि नव्या जागेची राखण पत्करणे, हे या ढिगाकडे पाहिल्यावर नाकारता येत नाही. राखण पत्करायची नसेल तर आपण फक्त मळाचा पत्ता बदलला.

यावर अभ्यासू श्रद्धाळू म्हणेल की पाप आणि निकेल यांची तुम्ही गल्लत करता. पाप अंतःकरणाचे असते, पश्चात्तापाने ते खरोखर नाहीसे होऊ शकते. धातू जड द्रव्य आहे, तिथे पश्चात्तापाचा संबंध नाही. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण भेद खरा आहे. मनातला हेतू बदलतो आणि बदललेल्या हेतूनिशी माणूस खरोखर दुसरा होतो. पण केलेल्या कृत्याचे एक टोक मनात असते तसे दुसरे टोक बाहेर, दुसऱ्याच्या आयुष्यात असते. आपल्या धर्मशास्त्रालाही हे ठाऊक होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात चोरीसाठी कृच्छ्र व्रत सांगितले आहे, पण चोरलेली वस्तू परत करून मग. म्हणजे आतल्या शुद्धीने बाहेरचे देणे फिटत नाही, हे प्रायश्चित्ताच्या विचारातच आहे. नदीत धातू सोडणे हे कृत्य आहे आणि द्रव्यही. कारखान्याच्या मालकाने सिंहस्थात नाशिकला स्नान केले तर त्याच्या मनाचे काय व्हायचे ते होवो, गाळातले निकेल जागचे हलत नाही. आणि ज्याने नदीवर कधी हात जोडले नाहीत पण आपल्या कारखान्यातले निकेल शेवटपर्यंत सांभाळले, त्याने गंगेच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले.

समुद्रमंथनातले हलाहल याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे. शंकराने ते पोटात जाऊ दिले नाही आणि थुंकलेही नाही, कंठात धरले. विष संपले असे पुराण म्हणत नाही. पण भागवताच्या आठव्या स्कंधात या प्रसंगाच्या अखेरीस एक बारीक तपशील आहे आणि तो सांगायला कीर्तनकार सहसा थांबत नाहीत. पिताना शंकराच्या हातातून जे थोडे विष सांडले ते विंचू, साप आणि विषारी वनस्पतींनी घेतले. प्रत्यक्ष महादेवाच्या ओंजळीतूनही काही सांडते, असे कथाकाराने नोंदवून ठेवले आहे. सांडलेले कोणीतरी घेतेच, आणि घेणारे बहुधा जमिनीलगत वावरणारे असतात. धातूने भरलेल्या सालीचे नेमके हेच होण्याचा धोका आहे. ती वाळलेली, हलकी, जळणारी वस्तू आहे. वीटभट्टीवाल्याला ती स्वस्तात मिळाली तर तो भट्टीत घालील. निकेल राखेत उरेल, तर कॅडमियम आणि शिशासारख्या धातूंचा काही भाग धुराबरोबर जाईल आणि भट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांच्या छातीत उतरेल. कोणी ती खत म्हणून शेतात टाकली तर कॅडमियमसारखा धातू पालेभाजीत चढेल. पाणी वाचवण्याच्या नावाखाली विष चुलीत आणि ताटात पोचेल.

मराठी समाजाला तर हा धोका नवा वाटायला नको. मळ कुठे जातो या प्रश्नाचे एक उत्तर आपण शेकडो वर्षे वापरले: काही माणसांच्या माथी. मेलेले ढोर, मैला, प्रेत यांची उचल ज्यांच्याकडे लावली त्यांनाच अपवित्र ठरवले. मळ देणारा शुद्ध राहिला आणि मळ सांभाळणारा विटाळला, अशी ती उलटी व्यवस्था होती. जालन्याच्या शेजारी, देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखोबांचे जन्मगाव मानतात. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी विचारले होते की देहाची उत्पत्तीच विटाळातून आहे, तर विटाळावाचून असलेला देह कुणाचा. त्या प्रश्नाला ब्रह्मवृंदाकडे उत्तर नव्हते. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायले, त्यानंतर सनातन्यांनी तळे शुद्ध करून घेतले. त्या पाण्यात माणसाच्या स्पर्शाने काही मिसळले नव्हते. ज्या पाण्यात खरोखर काही मिसळते त्याच्या शुद्धीसाठी असा उत्साह कधी दिसला नाही. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा नवा कायदा २०१३ मध्ये करावा लागला, यावरून जुने उत्तर किती चिवट आहे ते कळते. म्हणून सालीची गोष्ट सांगताना मी सावध आहे. सालीला वेदना नाही, अपमान नाही. माणसाच्या जागी साल आली ही निःसंशय प्रगती आहे. पण भरलेली साल हाताळणारा कंत्राटी मजूर कोण, त्याच्या हातात मोजे आहेत का, हे विचारले नाही तर साल फक्त मधला पडदा ठरेल आणि पडद्यामागे तीच माणसे असतील.

दुसऱ्या बाजूने एक व्यवहारी हरकत येते आणि ती गावातूनच येते: तुम्ही ज्याला कचरा म्हणता तो आमच्याकडे कचरा नाही. हे अगदी बरोबर आहे. पऱ्हाट्या म्हणजे वर्षाचे सरपण. तुराट्यांचे कूड होतात. सोयाबीनचे कुटार जनावरे खातात. चिपाडावर साखर कारखान्याचे बॉयलर चालतात आणि वीज विकली जाते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून फळ्या करण्याचे तंत्र काढले, ते यातली ताकद ओळखूनच. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात एक सूक्त उच्छिष्टावर आहे. यज्ञात उरलेल्या अंशावर सगळे विश्व टेकलेले आहे असे ते म्हणते. उरलेल्याला इतका मान देणारी परंपरा ज्या समाजाकडे आहे, त्याने उरलेल्याला फुकटचे समजू नये. कारखान्याला पऱ्हाट्या हव्या असतील तर चूल पेटवणाऱ्या बाईच्या सरपणाची भरपाई आधी व्हावी आणि शेतकऱ्याला भाव मिळावा. त्यातल्या त्यात मोसंबीची साल आणि शेंगांची टरफले यांवर कोणाचे पोट फारसे अवलंबून नाही, म्हणून सुरुवात तिथून करणे न्यायाला धरून होईल.

आणि कारखानदाराचा आक्षेप? चुना टाकला की धातू गाळ होऊन खाली बसतो, हे जुने आणि स्वस्त आहे, मग सालीचा खटाटोप कशाला? त्याचेही म्हणणे अर्धे खरे आहे. दाट सांडपाण्याला चुनाच बरा. पण चुना मारल्यावरही पाण्यात थोडा धातू विरघळलेला उरतो आणि तो शेवटचा अंश काढायला महागडी रेझिन लागते. तिथे साल उपयोगी पडते. षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीनाल्यात सोडण्याच्या पाण्यासाठी लिटरला ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि लढाई त्या शेवटच्या टप्प्यातच असते. सालीचे दोषही लपवू नयेत. कच्ची साल पाण्यात रंग आणि साखर सोडते. खऱ्या सांडपाण्यात चार धातू, तेल आणि साबण एकत्र असतात, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या काचपात्रातले आकडे तिथे टिकत नाहीत. प्रबंधांच्या मानाने प्रत्यक्ष चालणारी संयंत्रे थोडी आहेत, त्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. बहुतेक प्रबंध पाणी किती टक्के स्वच्छ झाले या आकड्याशी थांबतात. भरलेल्या सालीचे पुढे काय, हा भाग शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात उरकलेला असतो. विज्ञानानेही गंगेचा पहिला प्रश्न सोडवला आणि दुसरा सोडून दिला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज तरी रुक्ष दिसते. साल आम्लाने धुऊन निकेल परत मुलाम्याच्या टाकीत नेता येते. तसे झाले तर मळ पुन्हा माल होतो आणि ते सर्वात चांगले. जे परत मिळवता येत नाही ते घातक कचरा म्हणून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी इथल्या बंदिस्त जागेत जायला हवे. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा मालाबरोबर नमुना १० ची पावती चालते. तिच्यावर पाठवणारा, वाहून नेणारा आणि स्वीकारणारा अशा तिघांच्या सह्या होतात आणि माल पोचल्याची प्रत पाठवणाऱ्याकडे परत येते. भगीरथाने निदान नाव घेतले होते: साधू घेतील. कुंभार पिंपळगावातून सालीचे पहिले पोते वर जाण्याआधी ती भरून परत कोणाच्या नावावर येणार हे त्या पावतीवर लिहिलेले असावे, आणि साल विकणाऱ्या शेतकऱ्याला ती पावती मागून पाहण्याचा हक्क असावा. पाणी त्याच्याच कालव्याला येणार आहे.